पुढच्या सहा शनिवारांसाठी: सिम्युलेशन आणि मॉडेलिंगवर काय काय घ्यायचं?

मुठाकाठ

मंडळी, परवाच्या बैठकीत ठरलं तसा धागा काढतोय. जून ते नोव्हेंबर, दर महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच ते साडेसात, वाचनालयाचा वरचा हॉल. सहा व्याख्यानं आणि सगळ्यांना मिळून एकच विषय: सिम्युलेशन आणि मॉडेलिंग. गेल्या वर्षी आपण लिनक्स बसवण्यापासून घरच्या सर्व्हरपर्यंत बरंच केलं, पण ते सगळं संगणक कसा चालवायचा याबद्दल होतं. संगणकात जगाचा एखादा तुकडा कसा चालवून बघायचा, हे आपल्या गटात अजून एकदाही झालेलं नाही.

माझा कच्चा आराखडा: पहिल्या शनिवारी पायथन आणि त्यातली आकड्यांसाठीची लायब्ररी नमपाय, मग गणितासाठी ऑक्टेव्ह-सायलॅब, मग नेटलोगो (अनेक छोटी पात्रं एकमेकांशी कशी वागतात ते बघायला), सिमपाय (रांगांसारख्या घटनांसाठी), ओपनमॉडेलिका (यंत्रणांसाठी) आणि शेवटी ओपनफोम (पाणी-हवेच्या प्रवाहासाठी). सगळी साधनं फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं सायलॅब, ओपनमॉडेलिका, ओपनफोम यांवर भरपूर साहित्य करून ठेवलंय. स्पोकन ट्युटोरियलचे बरेच धडे मराठीतही ऐकायला मिळतात.

बोलायला कोण कोण उभं राहील? काय बदलायचं? मोकळेपणानं लिहा.

टिंबटिंब

+१. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथनचं पहिलं सत्र मी घेऊ शकतो.

आकडेमोड

मुठाकाठ, पुढाकार घेतलात हे फार छान. पण आराखडा मला मुळातूनच पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ही सहा अवजारांची नावं झाली. सुतारकामाच्या वर्गात पहिल्या दिवशी रंधा दाखवला, दुसऱ्या दिवशी पटाशी, तिसऱ्या दिवशी करवत, तर सहाव्या दिवशी कुणाच्याच हातात साधा पाटसुद्धा तयार नसतो. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि हे दरवर्षी बघते. मुलं सॉफ्टवेअर आठवड्याभरात शिकतात. पण ‘यात तू काय धरलंस आणि काय सोडलंस?’ असं विचारलं की गप्प होतात. मॉडेल करणं म्हणजे तेवढंच तर असतं: काय धरायचं, काय सोडायचं.

माझं म्हणणं, प्रत्येक शनिवारी एक प्रश्न घ्यावा. आपल्या आसपासचा, आलेल्या प्रत्येकाला कळेल असा. साधन त्या प्रश्नाच्या मागून येईल. आणि एक अट सगळ्या वक्त्यांना असावी. शेवटची वीस मिनिटं आपलं मॉडेल कुठे तुटतं ते त्यानं सगळ्यांसमोर तोडून दाखवायचं. चालतं ते कुणीही दाखवतं. तोडून दाखवायला मात्र ते आतून कळलेलं असावं लागतं.

मुठाकाठ

आकडेमोड, मुद्दा पोचला. काळजी एवढीच वाटते की आपल्याकडे येणाऱ्या तीस-चाळीस जणांत दुकानदार आहेत, निवृत्त मंडळी आहेत, शाळेतली दोन मुलं आहेत. निम्म्यांना पायथन येत नाही. प्रश्न घेऊन सुरुवात केली आणि साधनावरच अडलो तर?

आकडेमोड

मग पहिलं सत्र पायथनशिवाय घेऊ. लिबरऑफिस कॅल्क, म्हणजे एक्सेलसारखी फुकट तक्त्यांची वही, प्रत्येकाकडे आहे. तीन रकाने, शंभर ओळी, एक सूत्र खाली ओढायचं, की साथीचं मॉडेल तयार. प्रश्नही माझ्या डोक्यात पक्का आहे: १९०६ च्या मुंबईतला प्लेग. हे मी घेते. सविस्तर रात्री लिहीन.

बंधारा

ताईंच्या अटीला माझं अनुमोदन आणि त्यावर जरा जास्तच लिहितो, कारण माझी पस्तीस वर्षं पाण्याच्या मॉडेलांत गेली आणि त्यातली पहिली बरीच वर्षं संगणकाविना गेली.

खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र पुणेकरांना रस्त्यावरून जाता-येता माहीत असतं. १९१६ साली मुंबई इलाख्यानं सुरू केलेली ही संस्था. तिथे आणि तशा इतर ठिकाणी नद्या, धरणं, बंदरं सिमेंट-वाळूत लहान करून बांधतात आणि त्यांत पाणी सोडून बघतात. आपल्या धाग्याला याचा उपयोग काय, तर लहान करताना काय बिघडतं हे तिथे हाताला कळतं.

समजा एक सांडवा शंभरपट लहान केला. तर पाण्याचा वेग शंभरपट कमी होत नाही, दहापटच होतो. कारण लांबी आपण लहान केली, पण गुरुत्वाकर्षण आहे तेवढंच राहिलं. वेळही दहापट आखडते, म्हणून खऱ्या नदीत तासभर चाललेला पूर मॉडेलात सहा मिनिटांत निघून जातो. आणि विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, एक लाखपट कमी करावा लागतो. सांडव्यावरून सेकंदाला २,००० घनमीटर जाणार असतील तर मॉडेलात सेकंदाला २० लिटर सोडायचे. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरनं एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यात ओढून हा हिशोब बसवला.

इथपर्यंत सगळं सुरळीत. मग येते वाळू. तीही शंभरपट बारीक केली तर वाळू उरतच नाही, तिची चिकणमाती होते आणि कणाला कण चिकटू लागतात. म्हणून वाळूच्या जागी कोळशाचा चुरा किंवा अक्रोडाच्या टरफलांची भुकटी घालतात. ती हलकी असते, पाण्याबरोबर सरकते. आणि पाण्याचा थर फार पातळ झाला की पृष्ठताण मध्ये येतो. खऱ्या नदीत त्याला कुणी विचारत नाही, मॉडेलात मात्र तो मोठा होऊन बसतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं प्रमाण जपलं की इतर दोन-तीन गोष्टींचं सुटतं. सगळं एकदम जपता येत नाही. कोणतं सुटलं तरी चालेल, हे प्रश्न काय आहे त्यावर ठरतं.

संगणकातल्या मॉडेलातही नेमकं हेच होतं, फक्त तिथे चिखल दिसत नाही.

माझा विषय: पानशेतची धरणफुटी. १२ जुलै १९६१. जुलैचा दुसरा शनिवार त्या तारखेच्या आसपासच येतो, म्हणून तो शनिवार मला द्यावा. त्या दिवशी मी दहा वर्षांचा होतो, आईनं आम्हा भावंडांना पर्वतीवर नेलं होतं. वरून दिसलेलं पाणी अजून डोळ्यांपुढे आहे.

टिंबटिंब

बंधारा काका, हे मी दोनदा वाचलं. पण पानशेतचं सिम्युलेशन लॅपटॉपवर होईल का? त्याला नदीच्या तळाचे नकाशे, मोठी सॉफ्टवेअर लागतील ना?

बंधारा

अडीच तासांत तेवढं करायचंही नाही. मी ते तीन पायऱ्यांनी घेईन.

पहिली पायरी कॅल्कमध्ये. धरण म्हणजे बादली. आत येणारं पाणी वजा बाहेर जाणारं, बरोबर साठ्यातली वाढ. पानशेत आंबी नदीवर, खडकवासला खाली मुठेवर. म्हणजे एकापुढे एक दोन बादल्या. वरची एकदम रिकामी झाली तर खालची किती वेळात काठोकाठ भरते, हे प्रत्येकजण आपल्या लॅपटॉपवर बघू शकेल. पानशेतचं मातीचं धरण सकाळी फुटलं, खडकवासल्याचं दगडी धरण त्यानंतर काही तास टिकलं आणि मग त्यालाही भगदाड पडलं. ते मधले तास पुण्याला मिळाले. बादलीच्या मॉडेलात त्या तासांचा अर्थ कळतो.

दुसरी पायरी, ऑगस्ट रिटरचं १८९२ चं उत्तर. भिंत एका क्षणात नाहीशी झाली, पुढे पात्र कोरडं आणि गुळगुळीत, असं धरलं तर पाण्याचं टोक किती वेगानं धावेल? भिंतीमागे दहा मीटर पाणी असेल तर सेकंदाला जवळपास वीस मीटर. भिंतीच्या जागी खोली मूळच्या नऊ भागांतले चार भाग राहते. वहीत करता येणारं गणित आहे.

तिसरी पायरी ताईंची. हे कुठे तुटतं? मातीचं धरण एका क्षणात जात नाही, पाणी त्याला कोरत कोरत नेतं. नदी कोरडी नसते, जुलैत तर नसतेच. पात्रात वळणं, झाडं, पूल. लकडी पुलाखाली गुळगुळीत कालवा नाही.

घाटवाट

मी मालवाहतुकीत आहे, खंबाटकी आणि खंडाळा दोन्ही घाट आठवड्यातून दोन-तीनदा चढतो. मला एक प्रश्न किती वर्षं पडलाय. अर्धा तास अडकून राहायचं, इंच इंच पुढे सरकायचं आणि अचानक रस्ता मोकळा. ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक, ना पोलीस. मग कोंडी कशाची होती? हा प्रश्न चालेल का?

टिंबटिंब

घाटवाट, हा तर ठरलेलाच घ्यायला हवा! जपानमध्ये हे खऱ्या गाड्यांवर करून बघितलंय, २००८ साली छापून आलं. २३० मीटर परिघाचं वर्तुळ, त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना ताशी तीसच्या आसपास सारख्या वेगानं फिरायला सांगितलं. थोड्या वेळानं आपोआप कोंडी तयार झाली आणि ती कोंडी गाड्यांच्या उलट दिशेनं मागे सरकत राहिली. कुणीच चुकलं नव्हतं. एकानं ब्रेकला जरा पाय लावला, मागच्यानं थोडा जास्त, त्याच्या मागच्यानं आणखी जास्त.

संगणकावर यासाठी नागेल आणि श्रेकेनबर्ग यांचं १९९२ चं मॉडेल आहे. रस्त्याचे साडेसात मीटरचे घर पाडायचे, जसे सापशिडीत असतात. एका घरात एक गाडी. दर सेकंदाला चार नियम: वेग एकानं वाढव, पुढच्याला धडकणार असशील तर कमी कर, अधूनमधून उगीचच एकानं कमी कर, मग तेवढी घरं पुढे सरक. तिसरा नियम काढून टाकला की ही विनाकारण होणारी कोंडी नाहीशी होते. वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम आहे, मी लिहून आणतो.

घाटवाट

वाचून बरं वाटलं, इतकी वर्षं मला वाटायचं पुढे काहीतरी घडून गेलेलं असणार. पण यात एक घर, एक गाडी, एक लेन आहे. आमच्या घाटात ट्रकच्या डाव्या बाजूनं दुचाकी, उजवीकडून कार आणि मधूनच रिक्षा. चढावर भरलेला ट्रक ताशी पंधरानं चढतो आणि दुसरा भरलेला ट्रक त्याला ताशी सतरानं ओलांडायला निघतो. हे तुमच्या घरांत बसतं का?

टिंबटिंब

नाही बसत. एकाच लेनच्या, सारख्या गाड्यांच्या रस्त्यावर उभं राहिलेलं मॉडेल आहे. घरं लहान करून ट्रकला बरीच आणि दुचाकीला थोडी घरं देता येतील, पण आडवं सरकण्याचे नियम नव्यानं बसवावे लागतील. शेवटच्या वीस मिनिटांत हेच करू. तुम्ही सोबत बसाल का? घाटात कोण कुणाला कसं ओलांडतं, हे मला ठाऊक नाही, तुम्हाला आहे.

घाटवाट

बसतो. दोन खेपांत नोंदी करून आणतो, क्लीनर शेजारी बसून लिहील.

आकडेमोड

काल लिहीन म्हटलं ते आज लिहितेय.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात अकासिओ व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्यानंतर तो मुंबईत दरवर्षी येत राहिला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे आठवड्यागणिक मृत्यूंचे आकडे पुढे एडिंबरोमधल्या दोन माणसांच्या हाती आले. एक अँडरसन मॅकेंड्रिक, हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत राहून गेलेले, कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले डॉक्टर. दुसरे विल्यम केरमॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती, पुढचं सगळं गणित त्यांनी डोक्यात केलं. १९२७ साली दोघांनी मिळून जो निबंध छापला, त्यातून आजचं साथीचं मॉडेल आलं. करोनाच्या दिवसांत टीव्हीवर दाखवत होते त्या वक्रांची आजी म्हणजे हा निबंध, आणि त्यातला एकमेव आलेख आपल्या मुंबईचा आहे. हे मला कळलं तेव्हा मी रात्रभर तो आलेख उतरवून काढत बसले होते.

मॉडेल साधं आहे. माणसांचे तीन गट: अजून लागण न झालेले, आजारी, आणि बरे होऊन किंवा मरून साथीतून बाहेर पडलेले. नवे आजारी किती, तर पहिला गट गुणिले दुसरा गट गुणिले एक दर. आजारातून बाहेर किती, तर आजारी गुणिले दुसरा दर. कॅल्कमध्ये तीन रकाने पुरतात. पहिला गट रोडावत जातो, आजाऱ्याला नवा माणूस सापडेनासा होतो आणि साथ उतरते. सगळे संपायच्या आधीच उतरते, ही या निबंधाची मोठी देणगी.

त्यांनी मुंबईच्या आकड्यांवरून घंटेच्या आकाराचा वक्र बसवला. शिखर आठवड्याला ८९० मृत्यूंचं, सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यावर. खरे आकडे त्या वक्राला इतके चिकटून जातात की बघणाऱ्याचा विश्वासच बसतो.

आणि इथेच मी ते तोडणार आहे. त्या वक्राखालचं सगळं क्षेत्रफळ मोजलं तर सुमारे ८,९०० मृत्यू निघतात. तेव्हाची मुंबई जवळपास दहा लाखांची. म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. प्लेग झालेल्यांतले बहुतेक दगावत, त्यामुळे आजारी पडलेले याच्या फार पट नसणार. मग ‘लागण होण्याजोगी माणसं रोडावली म्हणून साथ उतरली’ हे कसं मानायचं? नव्याण्णव टक्के माणसं तर शिल्लक होती! शिवाय साथ दरवर्षी त्याच सुमारास चढत होती आणि उन्हाळा तापला, पाऊस आला की उतरत होती. प्लेग हा मुळात उंदरांचा आणि त्यांच्या पिसवांचा रोग, आणि पिसवांना हवामान लागतं. वक्र जुळला, पण कारण निराळं होतं. निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानं २०१२ साली ऋतुमान धरून हे सगळं नव्यानं मांडलं.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्यावर मी दोष ठेवत नाहीये. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे, दर स्थिर राहत नाहीत, हे त्यांनी स्वतःच निबंधात लिहून ठेवलंय. पुढच्यांनी आलेख उचलला आणि ती वाक्यं मागे ठेवली.

पहिल्याच सत्रात लोकांनी हे हातानं करून बघावं असं मला फार वाटतं. आधी वक्र जुळवायचा, आनंद व्हायला द्यायचा, मग ८,९०० आणि दहा लाख हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे.

बंधारा

ताई, जूनचा शनिवार तुमचाच. मी वही घेऊन पहिल्या रांगेत बसतो.

मुठाकाठ

माझा आराखडा मी मागे घेतो. आकडेमोड म्हणतात त्याप्रमाणे प्रश्नावरूनच जाऊ.

शब्दवेध

विषयाला जरा फाटा फोडतो. पाटीवर काय लिहिणार? पाठ्यपुस्तकांत मॉडेलला प्रतिमान किंवा प्रारूप आणि सिम्युलेशनला सदृशीकरण म्हणतात. अचूक आहेत, पण पाटी वाचून कुणी जिना चढेल असं वाटत नाही.

मोगरा

रंगीत तालीम! नाटकाच्या आधी सगळं खऱ्यासारखं करून बघतात, फक्त तिकीट काढलेला प्रेक्षक नसतो. सिम्युलेशन दुसरं काय आहे?

बंधारा

आणि मॉडेल म्हणजे दिवाळीतला किल्ला. बुरुज, दरवाजे, पायवाट ठेवतो, दगडाची जात सोडतो.

शब्दवेध

दोन्ही झकास. पाटीवर ‘संगणकावरची रंगीत तालीम’ असं मोठं आणि खाली ‘सिम्युलेशन व मॉडेलिंग’ असं बारीक लिहू. बोलताना मॉडेलच म्हणावं, ते आता मराठीच झालंय.

मोगरा

माझा प्रश्नही देते. मी एका तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर काम करते. सकाळी रांग दारापर्यंत जाते आणि लोक म्हणतात, खिडकीवरची बाई हळू आहे. मी आणि माझी सहकारी, आम्ही दोघी एक मिनिट थांबत नाही. दोन खिडक्या, दोन रांगा. रांग का वाढते आणि काय केलं तर कमी होईल, हे संगणक सांगेल का?

आकडेमोड

मोगरा, या प्रश्नावर शंभर वर्षांहून जुनं शास्त्र उभं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग यांनी १९०९ साली फोनच्या कॉलांसाठी ते सुरू केलं.

तुम्ही हळू नाही, हे त्यातून सरळ निघतं. खिडकीवरचा माणूस दर दहा मिनिटांतली आठ मिनिटं कामात असेल, तर रांगेत आणि खिडकीपाशी मिळून सरासरी चार माणसं असतात. नऊ मिनिटं कामात असेल तर नऊ. साडेनऊ मिनिटं असेल तर एकोणीस! काम थोडंसंच वाढलं, रांग दुप्पट झाली. शेवटच्या त्या अर्ध्या मिनिटाची उसंत काढून घेतली की रांग आवरत नाही. माणसाला पूर्ण वेळ गुंतवून ठेवणं म्हणजे कार्यक्षमता, असं समजणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाला हा आलेख दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, दोन रांगांऐवजी एकच रांग करा आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस जाईल असं बघा. आताच्या पद्धतीत एक रांग संपून एक खिडकी रिकामी आणि दुसऱ्या रांगेत चार जण उभे, असं होतं ना?

मोगरा

रोज होतं. पण ताई, एक सांगू? आमच्याकडे माणसं एकेक करून येत नाहीत. साडेनऊची एसटी आली की चाळीस जण एकदम उतरतात. मग पावणेअकरापर्यंत शांत, मग पुढची एसटी.

आकडेमोड

हेच तुमच्या सत्रातलं तोडायचं ठिकाण. मी दिलेले चार, नऊ, एकोणीस हे आकडे माणसं विखुरलेली, स्वतंत्रपणे येतात असं धरून आहेत. एसटीनं येणाऱ्यांना ते लागू नाहीत. सूत्र तिथे थांबतं आणि सिम्युलेशन तिथून सुरू होतं. सिमपायमध्ये एसटीचं वेळापत्रकच घालू.

एक नियम मात्र तेव्हाही टिकतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला. तासाला साठ माणसं येत असतील आणि आवारात सरासरी पंचेचाळीस माणसं असतील, तर प्रत्येकाचा सरासरी पाऊण तास जातो. एसटीनं येवोत की चालत. फक्त दिवसाचा हिशोब रिकाम्या आवारापासून रिकाम्या आवारापर्यंत धरायचा. ऑगस्टचं सत्र आपण दोघी मिळून घेऊ. तुम्ही आठवडाभर फक्त दोन गोष्टी टिपा: माणूस रांगेत कधी लागला आणि खिडकीतून कधी सुटला. नावं नकोत, वेळा पुरेत.

मोगरा

मी व्याख्यान द्यायचं? बरं. सहकारीणीलाही आणते.

फासे

रांगेत फासे टाकावे लागणार, म्हणजे यादृच्छिक, फाशांसारख्या कशाही पडणाऱ्या, संख्या आल्या. ऑगस्टात अर्धा तास मला द्या. स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ १९४६ साली आजारातून उठताना पत्ते लावत बसले होते, हा डाव सुटण्याची शक्यता किती याचं गणित जमेना, तेव्हा शंभर डाव लावून मोजावं असं त्यांच्या मनात आलं. फासे टाकून उत्तर मोजण्याची माँटे कार्लो पद्धत तिथून निघाली. आणि तुटण्याचं उदाहरण तर तयार आहे. आयबीएमच्या जुन्या यंत्रांवरचा रँडू नावाचा संख्या-जनक. त्यातल्या तीन-तीन संख्या घेऊन अवकाशात ठिपके टाकले तर ते सगळे पंधरा सपाट पातळ्यांवर पडतात. वर्षानुवर्षं लोकांनी त्यावर हिशोब केले. पडद्यावर तो ठोकळा फिरवून दाखवतो, पट्ट्या उघड दिसतात.

मुठाकाठ

दिलं. आता हवामान. पुण्यात बसून ते सोडणं बरं दिसणार नाही. पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक आले ते याच कामासाठी.

टिंबटिंब

ते मी घेतो, रस्त्याच्या सत्राशिवाय. सुरुवात लुईस रिचर्डसनपासून. २० मे १९१० चं हवामान घेऊन त्यांनी सहा तासांचा अंदाज हातानं काढला, उत्तर आलं हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलनं वाढणार. खरा दाब जेमतेम हलला होता. तरी ते उत्तर त्यांनी १९२२ साली जसंच्या तसं छापलं. मग १९५० साली एनिॲक या सुरुवातीच्या संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळपास चोवीस तासच लागले. आणि मग हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ. १९६१ च्या हिवाळ्यात त्यांनी मधूनच प्रोग्रॅम पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी कागदावर छापलेलं ०.५०६ भरलं, चहा-कॉफी घेऊन आले तर हवामान पार वेगळं झालेलं.

त्यांची तीन समीकरणं तीस ओळींत बसतात. आपण एक करू: दोन लॅपटॉपांवर एकच प्रोग्रॅम, एकात बेरजेचा क्रम बदललेला. गणितात दोन्ही सारखंच. थोड्या वेळानं पडद्यावर दोन वेगळी चित्रं दिसतील. म्हणूनच हवामानवाले एक अंदाज न काढता किंचित वेगळ्या सुरुवातींपासून अनेक काढतात.

गोदातीर

नाशिकहून लिहितोय. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय. गर्दीचं सिम्युलेशन या मालिकेत असायलाच हवं. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. २०१७ साली एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३. हेल्बिंग आणि मोलनार यांचं १९९५ चं मॉडेल आहे, माणसांमधल्या ओढी आणि रेटे धरणारं. रामकुंडाचा नकाशा घेऊन मी करून दाखवतो.

आकडेमोड

गोदातीर, तळमळ कळते, पण रामकुंड नको. अडीच तासांच्या सत्रात आपण घाटावर ठिपके पळवणार आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ ‘संगणकानं सांगितलं, इथे गर्दी होणार नाही’ म्हणून फिरवणार. खरी माणसं मेलेल्या जागेचं अर्धं मॉडेल मला बघवणार नाही.

गोदातीर

मग बोलायचंच नाही का? जे समजून घ्यायला हवं ते कुणीच समजून घेत नाही म्हणून तर दर वेळी ‘अफवा पसरली’ एवढंच कारण छापून येतं.

बंधारा

दोघांचंही ऐकून सुचवतो. जागा घेऊ नका, एक दरवाजा घ्या. एक खोली, दोनशे माणसं, एक मीटरचं दार. सगळे शांतपणे चालले तर किती वेळात बाहेर, सगळे घाईनं रेटले तर किती वेळात.

गोदातीर

हेल्बिंग यांच्या २००० सालच्या निबंधात नेमकं हेच आहे. घाई एका मर्यादेपलीकडे गेली की दारात माणसांची कमान धरते आणि बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. ठीक. दरवाजाच घेतो, नाव घेत नाही. पण तुटतं कुठे हे सांगताना मी एवढं बोलणार: या मॉडेलात कुणी कुणाचा हात धरलेला नसतो. खऱ्या गर्दीत आईच्या कडेवर पोर असतं, म्हातारा बाप मागे राहिलेला असतो आणि माणूस उलटा फिरतो.

आकडेमोड

हे जरूर बोला. नोव्हेंबर तुमचा.

मुठाकाठ

तर असं ठरलं. जूनमध्ये मुंबईचा प्लेग (आकडेमोड, कॅल्क). जुलैत पानशेत (बंधारा, कॅल्क आणि थोडं पायथन). ऑगस्टात केसपेपरची रांग (मोगरा, आकडेमोड, फासे, सिमपाय). सप्टेंबरात घाटातली कोंडी (टिंबटिंब, घाटवाट). ऑक्टोबरात हवामान (टिंबटिंब). नोव्हेंबरात दरवाजा (गोदातीर, नेटलोगो). दिवाळी आडवी आली तर शेवटचं आठवडाभर पुढे ढकलू.

हॉलमध्ये विजेची चारच ठिकाणं आहेत, एक्स्टेंशन बोर्ड मी आणतो. वाचनालयात नेट धीमं असतं, तेव्हा लागणारं सगळं पेनड्राइव्हवर घेऊन आदल्या रविवारी सकाळी बसवून देऊ. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी नक्की या, दोघांत एक असंच बसवणार आहोत. वक्त्यांनी अक्षर मोठं ठेवा, मागच्या वेळी शेवटच्या दोन रांगांना काहीच दिसलं नाही.

फासे

व्याख्यानांचे प्रोग्रॅम आणि आकडे एका जागी ठेवू या. पुढच्या वर्षी कुणाला पुन्हा चालवायचे असतील तर त्यात यादृच्छिक संख्या जिच्यापासून निघतात ती सुरुवातीची संख्या लिहिलेली असू द्या, नाहीतर फाशांचं दान तेच पडणार नाही.

बंधारा

जुलैसाठी मला एक सामान हवंय. कोळशाचा चुरा आणि अक्रोडाची भुकटी दोन बरण्यांत मी आणतो, हातात घेऊन बघायला. पण पाणी सोडून दाखवायचं तर साताठ फूट लांबीचं पत्र्याचं पन्हाळं लागेल, दोन्ही टोकं उघडी. कुणाकडे आहे का?

घाटवाट

आमच्या गोदामाचं जुनं पन्हाळं उतरवून ठेवलंय, नऊ फुटी आहे. एका टोकाला थोडं गंजलंय. रविवारी येऊन बघा, चाललं तर छोट्या टेम्पोतून हॉलवर पोचवतो.

बंधारा

रविवारी दहाला येतो. गंजलेलं टोक कापून टाकू, आठ फूट पुष्कळ झालं.